त्यांच्या ताटातला भात

माझी दीड वर्षाची मुलगी जेवायला बसली की माझ्या सासूबाई तिला ‘अहो’ म्हणायच्या.

“अहो, जेवा ना. गार होतंय.”

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी बाथरूममध्ये ओल्या केसांना टॉवेल गुंडाळत होते. मला वाटलं, आई फोटोशी बोलतायत. सासरे जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता, आणि माणसं फोटोशी बोलतात, त्यात नवल काही नाही. बाहेर आले तर फोटोकडे आईंची पाठ होती. समोर पाटावर माझी मुलगी बसली होती, सासरे बसायचे तशी, एक गुडघा पोटाशी घेऊन, दुसरा पाय जमिनीवर आडवा टाकून. तिच्यापुढे तिची बदकाची वाटी नव्हती. सासऱ्यांचं जड, उंच काठाचं स्टीलचं ताट होतं. आणि तिनं तोंड उघडलं होतं.

माझ्यासमोर ते तोंड कितीतरी दिवसांत उघडलं नव्हतं. त्यामुळे अंगावर काटा येणं आणि जीव भांड्यात पडणं हे दोन्ही मला एकाच क्षणी झालं. आजही त्यातलं आधी काय झालं ते मला सांगता येणार नाही.

मागचं थोडं सांगते. सासरे मूळचे रत्नागिरीकडचे. तरुणपणी भाईंदरला आले, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामाला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तेच करत राहिले. त्यामुळे बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या वन बीएचकेत माणसांपेक्षा ताटं जास्त. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, हे लोक केटरिंग करतात की काय. मी काशिमिऱ्याला एका गोदामाच्या ऑफिसात बिलिंगचं काम करते. सकाळी निघायचं, अंधार पडता पडता परतायचं. मुलगी दिवसभर आजी-आजोबांकडे. तिला वरचं अन्न सुरू झाल्यापासून भरवायचं काम आजोबांनी स्वतःकडे घेतलं होतं आणि ते दुसऱ्या कुणाला करू देत नव्हते. भरवायचे म्हणजे काय, तर तिला मांडीशी बसवून स्वतः जेवायचे. गाणी नाहीत, गोष्टी नाहीत, ‘शहाणं बाळ ते’ नाही. एक घास त्यांचा, एक तिचा. दोघंही गप्प. मी रविवारी बघायचे आणि मला वाटायचं, किती सोपं आहे हे.

एका दुपारी ते जेवून, हात धुऊन आरामखुर्चीत टेकले आणि उठलेच नाहीत.

दहाव्याला आम्ही वरसाव्याच्या पुलाच्या अलीकडे खाडीकाठी गेलो. वर पुलावर गाड्यांची नेहमीची रांग लागलेली, खाली आम्ही. कावळ्यांना काही तोटा नव्हता. झाडावर होते, कठड्यावर होते, एक तर गुरुजींच्या पिशवीवर येऊन बसला होता. पण आमच्या पिंडाकडे कुणी ढुंकून बघेना. शेजारच्या कुटुंबाचा पिंड ठेवल्या ठेवल्या शिवला आणि ती माणसं हायसं वाटून चपला शोधायला लागली. मग आमच्याकडे सुरू झालं. नवरा हात जोडून मोठ्यानं म्हणाला, “बाबा, आईला आम्ही सांभाळू. काळजी करू नका.” कावळे ढिम्म. चुलतदीर म्हणाले, “काका, गावच्या घराची कौलं परतून घेऊ.” आत्येसासूबाई म्हणाल्या, नातीला खूप शिकवू. ज्याला जे सुचलं ते त्यानं कबूल केलं. मला वाटतं, त्या तासाभरात आमच्या घराण्यानं जेवढी वचनं दिली तेवढी निवडणुकीतही कुणी देत नसेल. आई मात्र बाजूला उभ्या होत्या. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

मी लेकीला कडेवर घेऊन उभी होते. ऊन चढत चाललं होतं. तिच्या हातात बिस्किट दिलं होतं, पण ती ते खात नव्हती. पिंडाकडे एकटक बघत होती. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला शिववला, “होतं असं कधीकधी,” म्हणाले आणि सामान आवरायला लागले. परतताना रिक्षात मी बघितलं, तर बिस्किट तिच्या मुठीत तसंच होतं, घामानं मऊ झालेलं. तिनं ते माझ्या हातात परत दिलं.

तेव्हापासून तिनं जेवण टाकलं.

मी काय काय केलं नाही? चिऊचा घास झाला. काऊचा म्हणताना माझीच जीभ अडखळायची, म्हणून काऊ सोडून बाकी सगळ्या प्राण्यापक्ष्यांचे घास झाले. बाल्कनीत नेऊन मेट्रोचा पूल दाखवला. मोबाईल लावून दिला, तर ती मोबाईलकडे न बघता माझ्या खांद्यावरून मागे बघत राहायची. मी वळून पाहिलं की मागे नुसती आरामखुर्ची. मी ती खुर्ची उचलून बेडरूममध्ये ठेवली. तरी ती त्याच जागेकडे बघायची, आता तिथे फक्त फरशी होती. एकदा माझं डोकं फिरलं. मी तिचं नाक दाबलं आणि तोंड उघडताच चमचा आत सारला. तिनं ते सगळं माझ्या ड्रेसवर ओकलं आणि ती रडलीसुद्धा नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. दूध तेवढं प्यायची, तेही झोपेत, डोळे मिटून.

शेजारची गुजराती भाभी दारातूनच म्हणाली, “बेबी को नजर लगी है भाभी, मिरची उतारो।” माझा असल्यावर विश्वास नाही, पण उतरवली. मिरच्यांचा ठसका मजल्यावरच्या सगळ्यांना लागला, म्हणजे नजर नव्हती. भाभी खोकत खोकत म्हणाली, “तो फिर डॉक्टर को दिखाओ।”

डॉक्टरांना तर दाखवलंच होतं. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळं ठीक निघालं. मग वजन केलं, मागचं वजन बघितलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाले, “अजून थोडे दिवस बघू. वाढलं नाही तर ॲडमिट करून नाकातून नळीनं द्यावं लागेल.” रस्त्यावर येऊन, रिक्षांच्या कलकलाटात, मी तिच्या कानात सांगितलं, “नळी घालू देणार नाही मी तुला. काय वाट्टेल ते करीन.”

काय वाट्टेल ते म्हणजे काय, ते दुसऱ्याच दिवशी कळलं. टॉवेल गुंडाळून मी बाथरूमच्या दाराशी उभी होते आणि आई माझ्या मुलीला सांगत होत्या, “गावच्या बंधूंशी इतकी वर्षं बोलणं नाय, ते मिटवायला सांगते ह्याला. फोन करायला सांगते आजच. आता जेवा.” तोंड उघडलं. घास गेला. “आणि काय राहिलंय? त्या शिवेवरच्या फणसाचं? तो त्यांनाच देऊन टाकू. काय करायचाय आपल्याला?” आणखी एक घास गेला.

तो आवाज मी ओळखला. खाडीकाठी पिंडासमोर सगळे ज्या आवाजात बोलत होते, तोच. त्या दिवशी आई जे बोलल्या नव्हत्या ते आता एकेका घासाला बोलत होत्या. माझी मुलगी त्यांना कावळ्याच्या जागी होती की सासऱ्यांच्या, हे मला कळेना, आणि विचारायची हिंमतही होईना. भात पोटात जात होता. मी केस पुसत आत निघून गेले.

रात्री नवऱ्याला सांगितलं, “आई तिला अहो म्हणतात.”

“कुणाला?”

“तुझ्या मुलीला.”

तो हसला. रविवारी त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि मग हसला नाही. दुपारी गॅलरीत जाऊन त्यानं गावी काकांना फोन लावला. पंधरा-वीस वर्षांचं भांडण पाच मिनिटांत मिटलं. दोघंही रडले. आत येऊन तो म्हणाला, “काही का असेना, चांगलंच झालं ना? आणि ती खातेय. खाऊ दे.”

मीच तर आधी दुर्लक्ष केलं होतं, मी काय बोलणार? रजा वाढवून मी घरीच राहिले होते. रोज दुपारी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसायचे आणि बाहेरचं ऐकायचे. त्या कुटुंबाचं जे मला लग्नानंतरच्या वर्षांत कळलं नव्हतं ते मी त्या दुपारींमध्ये ऐकलं. कोण कुणाशी कसं वागलं, कुठल्या विहिरीवरून वाद झाला, कारखान्यातल्या कुणाची माफी मागायची राहिली. आई सांगायच्या, थांबायच्या. कधी घास जायचा, कधी जायचा नाही. गेला नाही की त्या मुलीला विचारायच्या, “हे नको? बरं. मग दुसरं बघू.” बाथरूममागच्या डक्टमध्ये कबुतरं घुमत असायची. आईंच्या आवाजाला उत्तर म्हणून मुलीचा आवाज कधीच यायचा नाही. एरवी ती दिवसभर काही ना काही बडबडायची, “माऊ”, “गाडी”, “आई, दे.” ताटावर बसली की गप्प.

आणि मग नवऱ्यानं कहर केला. त्याला गावची एक जागा विकायची होती, गिऱ्हाईक आलं होतं. शनिवारी तो मुलीच्या पाटासमोर मांडी घालून बसला, घास हातात घेतला आणि हळूच म्हणाला, “बाबा, ती वरची जागा काढू का?” तिनं ओठ घट्ट मिटले. तो बराच वेळ घास धरून बसला. तिनं मान फिरवली. त्यानं उठून गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं.

माझं टाळकं सटकलं. “दीड वर्षाच्या पोरीला विचारून जमिनीचे व्यवहार करतोयस? उद्या शेअर मार्केटचं विचार!”

“हळू बोल.”

“का? कोण ऐकतंय?”

आम्ही दोघांनीही एकदम तिच्याकडे बघितलं. ती आमच्याकडेच बघत होती. मग ती खाकरली. लहान मूल खोकतं तसं नाही. म्हातारा पुरुष जेवण आटोपून खाकरतो, तशी. उजव्या हाताची पालथी बाजू ताटाला लावून तिनं ते पुढे सरकवलं. ताटात अर्धा भात तसाच होता, एका बाजूला नीट गोळा केलेला.

नवरा उठून बाल्कनीत गेला. मला तिला उचलून घ्यायचं होतं आणि माझे हात पुढे होईनात. माझीच मुलगी, जिच्या अंगाचा वास मला झोपेतही ओळखू येतो, तिला हात लावायला मी घाबरले. मग माझाच मला राग आला आणि मी तिला इतकं घट्ट उचललं की ती किंचाळली. ते किंचाळणं अगदी तिचं होतं. मी तिला सोडलंच नाही.

त्यानंतर मी तिला आईंकडे जेवायला बसवायचं नाही असं ठरवलं. दोन वेळा स्वतः भरवून बघितलं, तर पुन्हा तोंडाला कुलूप. आई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांचा चेहरा मला बघवेना. इतका उतरलेला की आजारी बाईचा वाटावा. त्यांचा ब्लाउज खांद्यावरून घसरत होता, हेही मी तेव्हाच पाहिलं. दुःखानं झालं असेल असं मी धरून चालले. तिसऱ्या वेळी मीच हरले आणि पोरीला पुन्हा त्यांच्यापुढे बसवलं.

कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये वजनाचा काटा आहे. संध्याकाळी तिला घेऊन गेले. आधी तिला कडेवर घेऊन उभी राहिले, मग एकटी. काउंटरवरचा माणूस म्हणाला, “मॅडम, फिर से करो, हिल रहा है।” पुन्हा केलं. वजाबाकी केली, तर डॉक्टरांकडे भरलं होतं तेवढंच वजन. इतके दिवस रोज जेवतेय, तरी तिच्या अंगाला काही लागलं नव्हतं. मी तिथेच, कफ सिरपच्या जाहिरातीखालच्या स्टुलावर बसले. डोळ्यासमोर नळी आली. आणि खरं सांगते, त्या वेळी मला वाटलं की जेवतंय ते दुसरंच कुणीतरी आहे. माझी मुलगी उपाशी आहे आणि तिच्या तोंडानं दुसरं कुणी जेवून जातंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घड्या घालायला आत गेले नाही. हॉलमध्येच भिंतीला टेकून बसले आणि शेवटपर्यंत बघितलं. आईंनी नेहमीप्रमाणे ताट वाढलं, “अहो” म्हणाल्या, सांगायचं ते सांगितलं. ती जेवली. अर्ध्यावर आली, खाकरली, ताट सरकवलं. आईंनी तिचं तोंड पुसलं, ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेल्या. दार लोटून घेतलं, पण ते पूर्ण लागत नाही, पावसात फुगलंय. मुलगी उठली आणि त्यांच्यामागून गेली. त्या फटीपाशी उभी राहिली.

ती तिथे काय करतेय ते बघायला मी पुढे झाले. ती आत बघत होती आणि तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. आवाज न करता. उघडायचं, मिटायचं, घसा हलायचा. आत कुणी भरवत असावं तसं. पण तिच्या तोंडात काही नव्हतं.

मी तिच्या डोक्यावरून आत बघितलं. आई ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसल्या होत्या. मांडीशी ते ताट होतं. त्या मुलीनं उरवलेला भात खात होत्या, भराभर, भुकेल्या माणसासारख्या. त्यांच्या प्रत्येक घासाबरोबर माझ्या मुलीचं तोंड उघडत होतं.

मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आई आयुष्यभर सासऱ्यांच्या ताटात, त्यांच्यामागून जेवल्या होत्या. जुन्या घरांतून असायचं तसं. लग्न झाल्यावर हे बघून मला कसंतरी झालं होतं आणि मी नवऱ्याला बजावलं होतं, मी तुझं उष्टं खाणार नाही. तो म्हणाला होता, “अगं, मी काही उरवतच नाही.” सासरे मात्र उरवायचे. भात, मासळीचा चांगला तुकडा, एका बाजूला गोळा करून ठेवायचे, खाकरायचे, ताट सरकवून उठायचे. आईंना विचारलं होतं तेव्हा म्हणाल्या होत्या, “सवय झाली गो. दुसऱ्या ताटात जेवण जात नाय.” आणि सासरे गेल्यापासून आईंचं ताट मी घासलेलं नव्हतं, कारण आईंचं ताट कधी पडलंच नव्हतं. त्या आधी जेवल्या असतील असं मला वाटायचं, नंतर जेवतील असं नवऱ्याला वाटायचं. आधी नुसत्या चहावर आणि आता फक्त एवढ्यावर त्या जगत होत्या, आणि माझी पोर स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन त्यांच्यापुरतं उरवत होती.

मी दार ढकललं. “आई, तुमचं ताट कुठाय?”

त्यांनी हातातल्या ताटाकडे बघितलं. “हे काय.”

“हे तिचं आहे.”

“त्यांचं आहे,” त्या म्हणाल्या. साधं, घरातली वस्तू कुणाची ते सांगावं तसं.

“ती भुकेली आहे आई. बघा तिच्याकडे. तुम्हाला पुरावं म्हणून ती अर्ध्यावरून उठते. तिला नळी लावतील आता.”

आईंनी दाराकडे बघितलं. मुलीनं तोंड मिटलं. मग आई ताटाकडे बघत म्हणाल्या, “ते गेले ना, तेव्हा मी जेवत होते गो. ते खुर्चीत टेकले नि मी ताटावर बसले. शेवटचा घास झाला तेव्हा हाक मारली. ही तिथंच होती, त्यांच्या पायाशी. हिनं बघितलं. मी नाय बघितलं.”

मला रडू आलं आणि रागही आला. राग कुणाचा, कुणास ठाऊक. मी म्हणाले, “आई, बाबा गेले.”

हे आमच्या घरात कुणी म्हटलंच नव्हतं. फोनवर लोकांना कळवलं होतं, ऑफिसला सांगितलं होतं, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं. आईंना कोण सांगणार? त्या तर तिथेच होत्या.

“मग मी कुणाच्या मागून जेवू?” त्यांनी विचारलं. त्यात हुंदका नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

“कुणाच्याच नाही. आज तुम्ही आधी.”

मी त्यांच्या हातातून ताट काढून घेतलं आणि मोरीत ठेवलं. फळीवरून दुसरं काढलं, कधी न वापरलेलं, पुसलं. भात, वरण, वालाची उसळ, लोणच्याची फोड. मुलीला तिच्या वाटीत वाढलं. दोघींना समोरासमोर बसवलं आणि मी मध्ये बसले. माझ्या मनात होतं, की रात्र झाली तरी मी इथून उठणार नाही.

कुणी हात लावेना. वरणावर साय धरली. मुलगी वाटीकडे बघतसुद्धा नव्हती, आजीच्या हाताकडे बघत होती. डक्टमधली कबुतरंसुद्धा गप्प झाली होती. मला वाटलं, खोलीत आणखी कुणीतरी आहे आणि तेही वाट बघतंय. मागे बघायचं नाही असं मी ठरवलं आणि नाही बघितलं.

आईंनी भातात बोटं घातली. मान थोडी बाजूला वळवून, आमच्यापैकी कुणाकडेच न बघता, हलक्या आवाजात त्या म्हणाल्या, “मी जेवते हां.”

आणि थांबल्या. त्या उत्तराची वाट बघतायत हे माझ्या लक्षात आलं. मीही वाट बघायला लागले. मुलगी खाकरेल म्हणून मी तिच्याकडे बघत होते. ती खाकरली नाही. कुणीच काही म्हटलं नाही. फ्रीज तेवढा चालू झाला आणि बंद झाला.

आईंनी घास घेतला. मुलगी पुढे वाकली आणि तो घास त्यांच्या गळ्याखाली उतरेपर्यंत तिनं नजर काढली नाही. आईंनी दुसरा घेतला. तेव्हा तिनं दोन्ही हात वाटीत घातले आणि भात तोंडात कोंबायला सुरुवात केली. नाकाला लागला, केसांना लागला, अर्धा फ्रॉकवर सांडला. वाटी रिकामी झाली तशी ती माझ्यापुढे आपटली. “आई, दे.” मी पुन्हा वाढलं.

खाडीकाठी आई रडल्या नव्हत्या, तेराव्यालाही नाही. नातेवाईक कौतुकानं म्हणाले होते, बाई खंबीर आहे. त्या दिवशी, भर दुपारी, स्वयंपाकघराच्या फरशीवर, तोंडात घास असताना त्या मोठ्यानं रडल्या. शेजारच्या भाभीनं दार वाजवलं इतक्या मोठ्यानं. मी त्यांचं ताट पुढे धरून बसले आणि माझी मुलगी त्यांच्या गुडघ्याला टेकून, त्यांच्याकडे न बघता, भात खात राहिली.